हुपरीकरांची वाढीव वॉरंटी

“आणि समजा, नाही घेतली. आणि नेमकी या घाटातच बंद पडली. मग?”

शंभूगिरी महाराज वाती वळत होते. हातातली वात त्यांनी पुरी केली, तबकात ठेवली आणि कापसाचा पुढचा पुंजका उचलला.

“मग बंद पडली,” ते म्हणाले.

हुपरीकरांनी ते मनात तपासून पाहिलं. उत्तर चुकीचं नव्हतं. पण उत्तर म्हणून ते कुठे लिहून देण्यासारखंही नव्हतं.

प्रश्न मोटारीच्या वाढीव वॉरंटीचा होता. गाडीबरोबर मिळालेली मूळ वॉरंटी आज संध्याकाळी संपत होती. शोरूमचं म्हणणं असं की, आणखी थोडे पैसे भरा, म्हणजे आणखी तीन वर्षं काही बिघडलं तर आम्ही पाहू. आज भरले तर भरले. उद्यापासून गाडी तुमची आणि बिघाडही तुमचा.

हुपरीकर बरेच दिवस हा प्रश्न घेऊन सांगलीभर हिंडले होते. शेजाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले घ्या. साडूंना विचारलं, ते म्हणाले मुळीच घेऊ नका. डॉक्टरांना विचारलं, तर डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब तपासला. उरले होते ते परमार्थातले अधिकारी.

मठ घाटाच्या ऐन माथ्यावर होता. मागे देश, पुढे दरी. कौलारू ओसरी, आत थोरल्या महाराजांची समाधी, अंगणात विहीर, आणि रस्त्याच्या कडेला एक जांभळाचं झाड. त्या झाडाखाली हुपरीकरांची गाडी उभी होती. गाडीत त्यांची पत्नी कुमुद मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

घाट उतरला की तासाभरात सुरंगवाडी. तिथे कुमुदची थोरली बहीण राहायची, मथूताई. आई गेल्यावर कुमुदला तिनेच वाढवलं होतं. दिवाळीत मथूताई जी आजारी पडली ती पूर्वीसारखी उठली नाही. आता तिला धरून बसवावं लागत होतं. तिने मुलाकडून, अनंताकडून, निरोप पाठवला होता, कुमुदला एकदा येऊन जायला सांगा.

एस.टी. होती. पण दारात गाडी उभी असताना बायकोने एस.टी.ने माहेरी जायचं, हे हुपरीकरांच्या अभिमानाला सोसण्यासारखं नव्हतं. आणि गाडी घाटात घालायची, हे त्यांच्या काळजीला सोसण्यासारखं नव्हतं. या दोहोंच्या मध्ये कुमुद मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

मागच्या खेपेला ते माथ्यापर्यंत आले होते आणि टायर गरम लागले म्हणून परतले होते. त्याच्या आधी ब्रेकमधून काहीसा आवाज आला होता. आवाज फक्त हुपरीकरांना आला होता.

“घ्यायची म्हटलं, महाराज, तर तिच्या अटी पाहा,” हुपरीकर म्हणाले. “क्लच झिजला, तर तो झिजला. मोडला नाही. झिजणं त्यात बसत नाही.”

“माझे गुडघेही झिजलेत,” महाराज म्हणाले. “डॉक्टर म्हणाले, वयाने झिजलेत, चालायचंच.”

“उंदराने वायर कुरतडली, बसत नाही. पुरात बुडाली, बसत नाही. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने नुसता बॉनेटला हात लावला, तरी सगळं गेलं.”

“मग बसतं काय?”

“जे सहसा बिघडत नाही, ते.”

महाराजांनी मान वर केली. “हे तुम्हीच लिहिलंय की काय?”

हुपरीकरांना राग आला नाही. उलट थोडं बरं वाटलं.

ते विमा कंपनीचे सर्व्हेअर म्हणून निवृत्त झाले होते. जळालेली दुकानं, बुडालेल्या मोटारी, वादळात उडालेले पत्रे पाहायचे. नुकसान झालं आहे हे सहानुभूतीने मान्य करायचं. मग ते भरून का देता येत नाही, ते कंपनीला कळवायचं. हे काम त्यांनी मन लावून केलं. एका बेकरीवाल्याची भट्टी फुटली, तेव्हा आग भट्टीच्या आत लागली की बाहेर, एवढ्या एका मुद्द्यावर त्यांनी सगळं प्रकरण मिटवलं होतं. कंपनीने त्यांना त्याबद्दल भिंतीवरचं घड्याळ दिलं. बेकरीवाल्याने काय केलं, ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यामुळे त्यांची मोठीच पंचाईत झाली होती. वॉरंटी घ्यावी, तर टेबलाच्या पलीकडे आणखी एखादा हुपरीकर बसलेला असणार. न घ्यावी, तर घाटात एकटेच सापडणार.

“लोक म्हणतात, गाडी नवी आहे, काही होत नाही,” ते म्हणाले. “लोकांचं काय जातं? मी बघितलंय, महाराज. कोरी करकरीत गाडी, पेढे वाटून घरी निघालेली, अन् पुढच्या चौकात...”

“फार चालवता का?”

“छे. जपून असते. मंडईत नेतो. गणपतीच्या देवळात. सर्व्हिसिंगला.”

खरं तर गाडीचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास सर्व्हिस सेंटरपर्यंतच झाला होता. ते शहराबाहेर होतं. तिथे मिस्त्री गाडीखाली शिरला की हुपरीकर मागे हात बांधून उभे राहायचे, आणि तो बाहेर आला की खाली वाकून स्वतः पाहायचे. तिथल्या लोकांनी त्यांच्यासाठी एक खुर्ची मुद्दाम लांब नेऊन ठेवली होती.

झाडाखालून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. कुमुद पिशवी घेऊनच ओसरीपाशी आली.

“अहो, ऊन चढलं. प्लास्टिक तापायला लागलंय.”

“कसलं प्लास्टिक, कुमुदताई?” महाराजांनी विचारलं.

“सीटवरचं. गाडी आली तेव्हाचं. बसलं की चिकटतं, उठलं की साडीसकट फाटल्यासारखा आवाज होतो. शेजारी म्हणतात, तुम्ही देवळातून आलात ते आम्हाला आवाजावरून कळतं.”

“सीट चांगल्या राहतात,” हुपरीकर म्हणाले.

“कुणासाठी?” महाराजांनी विचारलं.

हुपरीकरांनी विचार केला. पुढेमागे विकायची झाली तर घेणाऱ्यासाठी, हे खरं उत्तर होतं. पण ते मोठ्याने म्हणावंसं त्यांना वाटलं नाही.

महाराज उठले. चुलीवरचा चहा त्यांनी तीन पेल्यांत ओतला. कुमुद खांबाला टेकून बसली. पिशवी तिने शेजारी ठेवली, पण एक हात पिशवीवरच राहिला.

“पूर्वी या वेळेला ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची,” महाराज म्हणाले.

हे हुपरीकरांनाही आठवत होतं. त्या काळी घाट चढून आलेली गाडी माथ्यावर थांबल्याशिवाय पुढे जात नसे. जाऊच शकत नसे. बॉनेटमधून वाफ निघायची, चाकांना जळक्या रबराचा वास यायचा, आणि क्लीनर डबडं घेऊन विहिरीकडे धावायचा. शंभूगिरी तेव्हा थोरल्या महाराजांचा तरुण चेला होता. खालच्या वळणावर एखादी गाडी कण्हायला लागली, की थोरले महाराज जप थांबवून कान द्यायचे आणि म्हणायचे, “ही मुक्कामाला आहे. पीठ मळ.”

मग ओसरीवर गुळाचा व्यापारी, बदली झालेला मास्तर, बाळंतपणाला निघालेली कुणाची लेक आणि तिची फणस सांभाळणारी आई, अशी सगळी एका रांगेत पिठलं-भाकरी खायची. आधी कुणाची कुणाशी ओळख नसायची. सकाळी गाडी सुरू झाली की एकमेकांचे पत्ते घेऊन निघायची. त्यातून सोयरिकी जुळत. भांडणंही होत, पण तीही नंतर वर्षानुवर्षं पोस्टाने चालत.

“आम्ही वाट बघायचो,” महाराज म्हणाले. “दोन दिवस कुणाची बंद पडली नाही, तर थोरल्या महाराजांचं जेवणात लक्ष लागत नसे.”

“आणि आता?” कुमुदने विचारलं.

“आता गाड्या चांगल्या झाल्या.” महाराजांनी फुंकर मारून चहा प्यायला. “कुणी येत नाही.”

रस्त्यावरून एक मोठी पांढरी गाडी काचा बंद करून गेली. आतल्या माणसांचे चेहरे दिसले नाहीत. घाटाच्या पहिल्या वळणावर ती दिसेनाशी झाली, तिचा आवाज तर आलाच नव्हता.

“आमची बंद पडली होती,” कुमुद म्हणाली.

“ती कशी विसरेन?” महाराज म्हणाले.

हुपरीकरांनी पेला खाली ठेवला. हा विषय निघणार हे त्यांना मठाच्या पायरीवरच समजलं होतं.

त्यांचं लग्न सुरंगवाडीत व्हायचं होतं. ते झालं या अंगणात. वऱ्हाडाची बस माथ्यावर आली आणि तिचा अ‍ॅक्सल तुटला. मुहूर्त गोरजाचा. फोन नव्हता. खाली जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला की, नवरामुलगा मठात बसला आहे. कुमुदच्या वडिलांनी मग चिरे वाहणारा एक ट्रक अडवला. पुढे ड्रायव्हरशेजारी मुंडावळ्या बांधलेली कुमुद आणि भटजी, मागे चिऱ्यांच्या थरावर बाकीची मंडळी आणि स्वयंपाक. असं माहेर घाट चढून वर आलं.

“ताईने मठ्ठ्याचं पातेलं मांडीवर धरून आणलं होतं,” कुमुद म्हणाली. “सगळा घाट. आणि वर पोचल्यावर म्हणते, कोथिंबीर घरी राहिली. ट्रक परत पाठवायला निघाली होती.”

“अंतरपाटही घरी राहिला होता,” महाराज म्हणाले.

“हो. मग थोरल्या महाराजांनी आपली छाटी दिली.”

“आमचे काका उठून उभे राहिले होते,” हुपरीकर म्हणाले. “संन्याशाचं वस्त्र लग्नाला चालत नाही म्हणून.”

“त्यावर थोरले महाराज म्हणाले, संन्यास मी घेतलाय, कापडाने नाही.”

तिघंही थोडा वेळ अंगणाकडे पाहत राहिली. अंगणात आता वाळत घातलेली मिरची होती. जांभूळ तेव्हा नव्हतं... किंवा असेल, पण कुणाच्या लक्षात राहण्याइतकं उंच नसेल.

“वर्षभर सासरी सगळे म्हणायचे, वाटेत लग्न लागलं, काही खरं नाही,” कुमुद म्हणाली.

“आणि?”

“खरंच होतं ते. वाटेतच चाललंय सगळं.”

“तो अ‍ॅक्सल तुटायचं कारण नव्हतं,” हुपरीकर म्हणाले. “बसवाल्याने देखभालच केली नव्हती. मी परतीचं भाडं कापून घेतलं.”

“दुसऱ्या दिवशी,” कुमुद महाराजांना म्हणाली. “अंगावरची हळद निघाली नव्हती. मी दाराआडून बघते, तर नवरा बसखाली आडवा. मला वाटलं, पळून चाललाय.”

महाराज हसले. हुपरीकरही हसले असते, पण त्यांना एकदम दुसरंच काही आठवलं. लग्नानंतर त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती. ती रस्त्यात कुठेही थांबायची. मग कुमुद खाली उतरायची, ते स्कूटर एका अंगावर तिरकी करायचे, पुन्हा सरळ करायचे आणि किका मारायचे. एकदा अंकलीच्या पुलाच्या अलीकडे ती कितीतरी वेळ सुरू झाली नाही, तेव्हा उसाच्या गाडीवाल्याने दोन कांडी दिली होती. ती दोघं पुलाच्या कठड्यावर बसून ऊस खात होती. सुरू का होत नाही, याचा विचार त्यांनी ऊस संपेपर्यंत केला नव्हता.

तिला वॉरंटी होती की नव्हती, हेही त्यांना आठवेना.

“तेव्हा भीती नाही वाटायची,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

“का?” महाराजांनी विचारलं.

“तेव्हा... घाई असायची.”

“आणि आता?”

हुपरीकरांनी जांभळाखालच्या गाडीकडे पाहिलं.

पाटावर ठेवलेला त्यांचा फोन थरथरायला लागला. “तीच,” ते वैतागून म्हणाले. “शोरूमची मुलगी. सकाळपासून पाठीस लागलीय. बोटाने कापून कापून दमलो.”

“बघू,” म्हणून महाराजांनी फोन उचलला. कुठे दाबायचं ते कुमुदने दाखवलं. दोन ठिकाणी दाबलं गेलं आणि पलीकडचा आवाज ओसरीभर घुमला.

“नमस्कार सर, शोरूममधून बोलतेय. सर, आज शेवटचा दिवस आहे. एक्स्टेंडेड वॉरंटीचं काय ठरवलंत?”

“ती घेतल्यावर काय होतं, बाळ?”

“सर, टेन्शन राहत नाही.”

“कुणाला?”

“ओनरला, सर. गाडीचं काहीही झालं तरी आम्ही आहोत.”

“किती दिवस?”

“तीन वर्षं, सर.”

“आणि त्यानंतर?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “त्यानंतर... सर, त्यानंतर रिन्यू होत नाही.”

“म्हणजे टेन्शन परत येतं.”

“सर, तोपर्यंत लोक शक्यतो गाडी बदलतात.” मुलगी थांबली. “सर, तुम्ही हुपरीकर सरच ना?”

“नाही. मी घाटावरचा गोसावी. आमचाही धंदा जवळपास तुमचाच. फक्त आम्ही लेखी देत नाही.”

“ओके सर. सर, तुमची कुठली गाडी आहे?”

“आमची गाडी नाही.”

“मग घ्यायचा विचार आहे का, सर? सध्या स्कीम चालू आहे.”

“समाधीला विचारून सांगतो,” महाराज म्हणाले.

तिने संध्याकाळपर्यंत कळवा, सर, असं सांगितलं आणि फोन ठेवला. महाराजांनी तो पुन्हा पाटावर ठेवला. “गुणी मुलगी आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडे असती तर मठ पुन्हा चालला असता.”

हुपरीकरांसाठी मात्र ही विनोदाची वेळ नव्हती. संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ. त्यांनी मनाशी सगळं नीट मांडून पाहिलं. आत्ता घाट उतरायचा, तर खाली गाडीला काही झालं तर सर्व्हिस सेंटर लांब. वाटेत फोनला रेंज नाही. शिवाय अटींचा कागद घरी कपाटात, आणि तो पुन्हा एकदा वाचल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणं शहाणपणाचं नव्हे. म्हणजे आत्ता परत जायचं. कागद वाचायचा. शोरूमला जाऊन समोरासमोर बोलायचं. मग काय तो निर्णय करायचा. आणि मग सावकाश, पुढच्या रविवारी...

हे सगळं त्यांनी व्यवस्थित सांगितलं. सर्व्हे रिपोर्टसारखं. कुठेही आवाज चढवला नाही.

महाराज ऐकत होते. कुमुदही ऐकत होती.

“मी काही म्हणत नाही,” कुमुद म्हणाली.

पिशवीचे बंद तिने सोडले आणि पुन्हा बांधले. वरच ताईसाठी शिवलेली मऊ जुनेराची गोधडी होती.

“मागच्या वेळी टायर होते,” ती शेवटी म्हणाली. “त्याच्या आधी ब्रेक. आता कागद. मी म्हणत नाही तुमचं चुकतं. पण ताई तीन वर्षं थांबायची नाही.”

“असं अभद्र कशाला बोलतेस?”

“अभद्र नाही. वय झालंय तिचं.”

“पुढच्या रविवारी जाऊ ना. मी तुला श...”

शब्द देतो, असं त्यांच्या तोंडी आलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. ते त्यांनी गिळलं.

“बहुतेक जाऊ,” ते म्हणाले.

कुमुदने महाराजांकडे पाहिलं. महाराज कापसातली सरकी काढत होते. ती बारीक होती, निघत नव्हती.

फोन पुन्हा थरथरला.

“राहू दे,” हुपरीकर म्हणाले. “पुन्हा तीच. उचललात म्हणून सोकावली. कापा.”

महाराजांनी फोन घेतला. या वेळी कुठे दाबायचं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी कापला नाही.

“कोण, जावई का?” पलीकडून थकलेला, पण अजून धार असलेला बायकी आवाज आला. “अनंता सकाळपासून फोन लावतोय. कुणी उचलतच नाही.”

कुमुद उठून उभी राहिली.

“जावई नव्हेत, मथूताई. मठातून बोलतोय. शंभूगिरी.”

पलीकडे काही क्षण नुसता श्वास ऐकू येत होता.

“अंतरपाटाचं एक टोक धरलं होतंस, तोच ना तू?”

“तोच.”

“सारखं खाली आणत होतास. मुहूर्ताच्या आधी नवरानवरीने एकमेकांना बघून घेतलं. मी बोलले नाही तेव्हा.”

“हात दुखत होता, मथूताई.”

“असू दे. झालं ते बरं झालं.” पुन्हा श्वास. “माथ्यावर आलीयेत का दोघं?”

“आलीयेत.”

“अनंताने मला ओसरीवर आणून बसवलंय. इथून रस्ता दिसतो. सुनेला घावणे करायला सांगितलेत, कुमुदला आवडतात. मी अजून काही खाल्लेलं नाही...” मथूताईला बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. “ती येणार असेल, तर तिच्याबरोबर दोन घास खाईन. यायची नसतील, तर तसं सांग हो. रागावणार नाही मी. पेज घेते थोडी आणि आत जाऊन पडते.”

कुमुद फोनच्या आणखी जवळ आली.

हुपरीकरांनी हाताने खूण केली. पुढच्या रविवारी. मग बोटाने हवेत आणखी एक वळसा काढला. त्याचा अर्थ ‘बहुतेक’ असा असावा.

महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं सावकाश पाहिलं.

“जेवायला थांबा, मथूताई,” ते म्हणाले. “येतात.”

“नक्की ना?”

“नक्की.”

फोन बंद झाला. मथूताईला फोन म्हणजे अजून ट्रंक कॉलच होता. काम झालं की ठेवायचा.

हुपरीकरांनी झटकन फोन आपल्याकडे घेतला. सकाळपासून कापलेले सगळे फोन त्यांनी एकामागून एक पाहिले. शोरूमचा एकच होता. बाकी सगळे सुरंगवाडीचे होते.

कुमुदने पिशवी उचलली. समाधीच्या उंबऱ्याला तिने हात लावला, तो कपाळाला लावला, आणि कुणाशी न बोलता अंगण ओलांडून गेली. गाडीचं दार उघडलं, आणि हलकेच लागलं. नंतर प्लास्टिकचा आवाज आला.

“महाराज,” हुपरीकर म्हणाले. “हे बरोबर नाही.”

“कोणतं?”

“तुम्ही मला विचारलं नाहीत. मी खूण करत होतो.”

“दिसत होती.”

“आता ती म्हातारी आजारी बाई उपाशी बसणार. आम्ही पोचेपर्यंत.”

“बसेल.”

“आणि आम्ही पोचलो नाही तर?”

महाराजांनी ओसरीवर सांडलेला कापूस गोळा करायला घेतला.

हुपरीकर पायरी उतरले, पुन्हा चढले. विमा कंपनीत त्यांनी पुष्कळ प्रकारची माणसं पाहिली होती. खोटं बोलणारी, रडणारी, धमक्या देणारी. न पाहता, न तपासता, दुसऱ्याच्या वतीने नक्की म्हणून मोकळा होणारा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता.

“यंत्र आहे ते, महाराज,” ते म्हणाले. “तुम्ही बॉनेट उघडून पाहिलं नाहीत. ब्रेक पाहिला नाहीत. वॉरंटी आज संपतेय, आणि खाली सगळा घाट आहे. कंपनी तीन वर्षांची हमी द्यायची तर शंभर अटी घालते. तुम्ही एका शब्दात दिलीत. या गाडीची हमी तुम्ही दिलीत तरी कशाच्या जोरावर?”

महाराजांनी वातींचं तबक उचललं आणि समाधीकडे वळले.

“गाडीचं मी काही बोललोच नाही, हुपरीकर,” ते म्हणाले. “मी तुमची हमी दिली.”